धावणारा झेलू लागला, मुष्टियोद्धा पोहू लागला!

मित्रांनो, कोळवणला भातकापणी झाली की खाचरं मोकळी होतात आणि तिथं खेळांची जत्राच भरते! सकाळी राखेनं कबड्डीचं मैदान आखलेलं असतं. दुपारी त्याच जागी तीन काठ्या रोवून क्रिकेट सुरू होतं. उन्हं उतरली की डांबरी रस्त्यानं पुढच्या वस्तीपर्यंत पळायची पैज लागते. घरात कुस्तीचा नाद असेल तर रात्री तालीम आहेच, मुळशी तालुका म्हटला की कुस्ती आलीच! तीच पोरं, तेच पाय, खेळ मात्र चार. आणि ओट्यावर बसलेलं कुणी वडीलधारं हमखास म्हणतं, "अरे, काय ते एक धरा! आज हे, उद्या ते. अशानं एकबी धड यायचं नाही."

शहरातही हेच बोलणं चालतं, फक्त जरा महागड्या भाषेत. तिथं सहा-सात वर्षांच्या मुलाला एका अकादमीत घालतात आणि ठरवून टाकतात की हा बॅडमिंटनवाला. मग बाकीचे खेळ बंद.

आई-बाबांनो, तुमची काळजी खोटी नाही. एका खेळात पुढं जायचं तर कधीतरी त्याच एका खेळाला वाहून घ्यावं लागतं. पण ते कधी? आणि त्याआधी खेळलेले इतर खेळ पाण्यात जातात का? आज आपण दोन माणसांची गोष्ट पाहू. एक अमेरिकेतला, एक आपल्या सांगली जिल्ह्यातला. गंमत म्हणजे १९६४ साली हे दोघंही जपानला, टोकियोला गेले होते, वेगवेगळ्या स्पर्धांसाठी आणि वेगवेगळे खेळ खेळायला. आणि त्यानंतर लवकरच दोघांचेही खेळ बदलले.

पहिला बॉब हेज. जन्म १९४२ सालचा, फ्लोरिडा राज्यातल्या जॅक्सनव्हिल गावचा. टोकियो ऑलिंपिकमध्ये तो शंभर मीटर धावायला उतरला. तेव्हा आजच्यासारखे रबरी मार्ग नव्हते, कोळशाच्या राखेसारख्या भुशाचा मार्ग असे. त्यात हेजच्या वाट्याला आली सगळ्यात आतली, पहिली पट्टी. चालण्याच्या शर्यतीतल्या खेळाडूंनी ती तुडवून पार उखडून ठेवलेली होती! भरीत भर म्हणून बुटांची हरवाहरव झाली आणि दुसऱ्याकडून मागून आणलेला बूट घालून तो धावला. तरीही १०.० सेकंद! तेव्हाच्या विश्वविक्रमाची बरोबरी आणि सुवर्णपदक.

खरी कमाल झाली रिले शर्यतीत. चार गडी, प्रत्येकी शंभर मीटर. हेज शेवटचा गडी. त्याच्या हातात दांडू आला तेव्हा अमेरिका चक्क पाचवी होती. पाचवी! आणि शेवटच्या रेषेवर पाहतात तो काय, हेज सगळ्यांच्या पुढं, तेही चांगल्या अंतरानं. ३९.० सेकंदांचा नवा विश्वविक्रम झाला. तो शेवटचा शंभर मीटरचा टप्पा आजही जाणकार पुन्हापुन्हा पाहतात.

आता एखाद्याला वाटेल, एवढा वेगवान माणूस, तो आयुष्यभर धावतच राहिला असणार. छे! पुढच्याच वर्षी तो डॅलस काउबॉइज या संघाकडून व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला. हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल बरं का. नाव फुटबॉल, पण चेंडू बहुतेक वेळ हातात! तो गोलही नसतो, दोन्हीकडून निमुळता, एखाद्या पपईसारखा. दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढं सरकायचं, नाहीतर चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. सरकत सरकत समोरच्याच्या हद्दीच्या टोकाला पोचलात की गुण.

या खेळात क्वार्टरबॅक नावाचा गडी मागं उभा राहून चेंडू लांब फेकतो आणि रिसीव्हर तो झेलतो. ऐकायला सोपं आहे. पण क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तो रिसीव्हर जिथं आहे तिथं नाही, तो जिथं पोचणार आहे तिथं! रिसीव्हरनं ठरलेल्या वाटेनं सुसाट पळायचं, मध्येच वळण घ्यायचं, पळता पळता मान वळवून चेंडू हेरायचा आणि अंगावर झेपावणारा बचावपटू डोक्यातून काढून टाकून झेल घ्यायचा. कबड्डीतला चढाई करणारा आणि क्रिकेटमधला सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक या दोघांना एकात मिसळा, म्हणजे झाला रिसीव्हर!

हेजनं पहिल्याच हंगामात, १९६५ मध्ये, ४६ झेल घेऊन १००३ यार्ड मजल मारली आणि बारा वेळा थेट टोक गाठलं. समोरच्या संघांची पंचाईत झाली. तोवर साधा हिशेब असे, एका रिसीव्हरला एक राखणदार. पण जगातल्या सगळ्यात वेगवान माणसामागं पळणार कोण? मग बचाव करणाऱ्यांनी माणूस राखणं सोडलं आणि मैदानाचा तुकडा राखायला सुरुवात केली. 'हा कोपरा माझा, इकडं जो येईल तो माझा.' ही जागा राखण्याची पद्धत आधीही होती, पण तिचा वापर वाढण्यामागं हेजचा वेग हे एक मोठं कारण मानलं जातं. एका खेळाडूमुळं समोरच्यांना आपली मांडणी बदलावी लागावी, ही केवढी मोठी गोष्ट!

म्हणजे वेग असला की झालं का? इथंच खरी मेख आहे. चार वर्षांनी, १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर जिंकला जिम हाइन्स. शंभर मीटर दहा सेकंदांच्या आत धावल्याची इलेक्ट्रॉनिक घड्याळावर नोंद झालेला तो पहिला माणूस. त्यालाही फुटबॉल संघानं उचललं, मायामी डॉल्फिन्सनं. वेग हेजच्या तोडीचा. पण हातातून चेंडू इतके सुटायचे की त्याचं टोपणनावच पडलं 'उप्स'! आपल्या भाषेत 'अरेच्चा' म्हणा. दोन हंगामांत त्याचे झेल किती? फक्त दोन.

मग हेजला जमलं ते हाइन्सला का नाही? हेज विद्यापीठात असताना जेक गेदर या नावाजलेल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली फुटबॉलही खेळत होता आणि धावतही होता. दोन्ही एकाच वेळी. म्हणजे धावपटू असतानाच त्याचे हात झेलायला शिकत होते. लोकांना टोकियोतला धावपटू एकदम फुटबॉलपटू झालेला दिसला, पण आतून तो दोन्ही होताच.

तसा काही तो सर्वगुणसंपन्न नव्हता. १९६७ च्या डिसेंबरातला त्याचा एक किस्सा प्रसिद्ध आहे. सामना होता ग्रीन बे गावी, थंडी उणे पंचवीस अंश सेल्सियसच्या आसपास. आपल्याकडं मुळशीत पारा दहावर आला तरी शेकोट्या पेटतात! हेजला थंडी सोसेना. चेंडू आपल्याकडं येणार नसेल तेव्हा तो हात चक्क विजारीत खुपसून उभा राहायचा. समोरच्यांच्या ते लगेच लक्षात आलं. हेजचे हात विजारीत, म्हणजे चेंडू दुसरीकडं! डॅलस तो सामना हरलं. पण जानेवारी १९७२ मध्ये त्याच्या संघानं सुपर बोल जिंकला. ऑलिंपिकचं सुवर्ण आणि सुपर बोलचं विजेतेपद हे दोन्ही मिळवणारा खेळाडू म्हणून आजही बॉब हेजचंच नाव घेतात. खेळ सुटल्यावर मात्र त्याची घडी विस्कटली. १९७९ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात तो तुरुंगात गेला. २००२ साली तो वारला आणि फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली २००९ साली. फार उशीर झाला होता.

(जाता जाता एक सांगतो. हा खेळ आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही. २०१२ च्या सुमारास भारतात अमेरिकन फुटबॉलची लीग निघाली होती आणि तिच्यात पुण्याचा संघही होता. नाव 'पुणे मराठाज'! लीग काही टिकली नाही.)

हेजनं खेळ बदलला तो आपल्या मर्जीनं. दुसऱ्या माणसाला मात्र कुणी विचारलंच नाही.

मुरलीकांत राजाराम पेटकर. जन्म १ नोव्हेंबर १९४४, सांगली जिल्ह्यातलं पेठ-इस्लामपूर. तिथून जवळच्या कराडशेजारी गोळेश्वर हे गाव आहे. खाशाबा जाधवांचं गाव! खाशाबांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हा मुरलीकांत आठ वर्षांचाही नव्हता. त्या मुलखात कुस्ती घरोघरच्या बोलण्यात होती, आणि मुरलीकांतलाही तिचा नाद लागला. पुढं तो लष्करात गेला. सिकंदराबादला ईएमई दलात त्याची नेमणूक झाली. हे दल लष्कराच्या गाड्या, रणगाडे, रेडिओ, तोफा दुरुस्त करतं. पेटकर तिथं 'क्राफ्ट्समन' होते, म्हणजे हुन्नर जाणणारे जवान. आणि तिथंच त्यांच्या हातात बॉक्सिंगचे ग्लोव्हज आले.

कुस्तीतून मुष्टियुद्ध. पहिला बदल. यात नवल काही नाही, पायांचा तोल, कमरेची ताकद, समोरच्याच्या डोळ्यांत बघून तो काय करणार हे ताडणं, हे सगळं दोन्हीकडं लागतं. १९६४ साली सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत मुष्टियुद्ध खेळायला ते टोकियोला गेले. वय वीसच्या आतबाहेर. पुढचं सगळं आयुष्य रिंगणात जाणार असंच वाटत असणार.

१९६५ मध्ये पाकिस्तानशी युद्ध झालं. पेटकरांना गोळ्या लागल्या. एक नाही, अनेक. त्यांतली एक पाठीच्या कण्यात घुसली आणि कमरेखालचं अंग निकामी झालं.

हे असं का होतं ते थोडं समजून घेऊ. पाठीच्या मणक्यांच्या माळेतून मज्जारज्जू जातो. मेंदूचा निरोप पायाला पोचवणारी ही आपली तारच म्हणा ना. ती तुटली की पाय असतात, स्नायू असतात, पण निरोप पोचत नाही. हाड मोडलं तर जुळतं. ही तार तशी जुळत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी असे जखमी सैनिक फार दिवस जगतही नसत. एकाच कुशीवर पडून पाठीला जखमा होत, त्या चिघळत, मूत्रमार्गात जंतू शिरत. डॉक्टरही हात टेकत.

हे चित्र बदलण्यात मोठा वाटा लुडविग गटमन या डॉक्टरांचा. ते मूळचे जर्मनीतले, ज्यू. हिटलरच्या राजवटीतून जीव वाचवून १९३९ मध्ये इंग्लंडला आले. १९४४ पासून स्टोक मॅन्डव्हिल इथल्या रुग्णालयात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडं होता. दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदला, रात्रीसुद्धा! हा त्यांचा पहिला नियम. दुसरी गोष्ट त्यांनी आणली ती म्हणजे खेळ. चाकाच्या खुर्चीत बसून चेंडू खेळा, बाण मारा, पोहा. २९ जुलै १९४८ ला लंडन ऑलिंपिकचं उद्‌घाटन होतं. नेमक्या त्याच दिवशी गटमन यांनी आपल्या रुग्णालयाच्या आवारात सोळा जखमी सैनिकांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढं पॅरालिंपिक उभं राहिलं.

पेटकर मुंबईला नौदलाच्या 'अश्विनी' रुग्णालयात होते. तिथं उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आलं. कल्पना करा, कालपर्यंत रिंगणात नाचणारे पाय, आज ते उचलून पाण्यात सोडावे लागताहेत. पण पाण्यात एक मोठी सोय आहे. तिथं वजन पाणी उचलतं. जमिनीवर खुर्चीशिवाय हलता न येणारा माणूस पाण्यात आपल्या हातांच्या जोरावर कुणाच्याही मदतीशिवाय पुढं जातो.

जातो खरा, पण सोपं नसतं हं! तुमच्यापैकी जे विहिरीत, नदीत पोहायला शिकले असतील त्यांना ठाऊक असेल, पाय मारणं थांबवलं की काय होतं. कंबर खाली जाते, पाय लोंबकळतात, अंग तिरकं होतं आणि पाणी मागं ओढतं. म्हणजे पायांमुळं पुढं ढकललं जाणं बंद होतंच, वर ओझंही वाढतं. सगळा भार खांद्यांवर, दंडांवर आणि श्वासावर. मग अशा माणसाला काय उपयोगी पडेल? दमदार खांदे, न थकणारे दंड, आणि ऊर भरून आला तरी श्वासाची लय न सोडण्याची सवय. आता मुष्टियोद्ध्याचं शरीर आठवा. तीन-तीन मिनिटं सतत हात वर, खांदे सतत कामात, ठोसा मारताना श्वास सोडायचा, मागं सरकताना घ्यायचा. हा माझा अंदाज आहे, पण मला तो पटतो: पेटकरांचे पाय युद्धानं नेले, पण रिंगणानं घडवलेलं वरचं अंग त्यांच्यापाशी शिल्लक होतं, आणि पाण्यात नेमकं तेच लागलं.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. १९६८ साली इस्राएलमध्ये तेल अवीवला पॅरालिंपिक झालं. त्या वर्षीचं ऑलिंपिक मेक्सिकोत होतं, पण अपंगांच्या स्पर्धा भरवायला मेक्सिकोनं नकार दिला, म्हणून त्या इस्राएलला गेल्या. भारतानं पहिल्यांदाच त्यांत भाग घेतला. तिथं पेटकर खेळले ते टेबल टेनिस, आणि पहिली फेरी त्यांनी पार केली! खुर्चीत बसून टेबल टेनिस म्हणजे कोपऱ्यातल्या चेंडूसाठी धावता येत नाही. हात पोचेल तेवढंच आपलं राज्य. मग चेंडू कुठं येणार हे आधीच ओळखावं लागतं, आणि ते तर मुष्टियोद्ध्याचं रोजचंच काम.

बाहेरदेशी जायला पैसे लागत. त्या कामी त्यांना विजय मर्चंट यांची मदत झाली. हो, तेच, क्रिकेटमधले मर्चंट! क्रिकेट सोडल्यावर अपंगांसाठी त्यांनी पुष्कळ काम केलं. १९७० साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला राष्ट्रकुल देशांतल्या अपंग खेळाडूंच्या स्पर्धा झाल्या. तिथून पेटकर पदकं घेऊन आले, पोहण्यातही आणि फेकीतही.

मग आलं १९७२. जर्मनीतलं हायडेलबर्ग. त्या वर्षीचं ऑलिंपिक म्युनिकला होतं, पण पॅरालिंपिक आधीच, ऑगस्टच्या सुरुवातीला, हायडेलबर्ग या विद्यापीठाच्या गावात भरलं. ज्या देशातून गटमन यांना पळावं लागलं त्याच देशात त्यांनी सुरू केलेल्या स्पर्धा होत होत्या. पेटकरांनी तिथं किती प्रकारांत भाग घ्यावा? पोहणं, भालाफेक, अचूक भालाफेक आणि स्लॅलम. अचूक भालाफेक म्हणजे लांब फेकायचं नाही, जमिनीवर आखलेल्या वर्तुळांत नेम धरून भाला रोवायचा. लगोरी खेळणाऱ्यांना यातली मजा कळेल! स्लॅलम म्हणजे चाकाची खुर्ची अडथळ्यांमधून वाकड्यातिकड्या वाटेनं पळवायची. या तिन्ही प्रकारांत ते अंतिम फेरीपर्यंत पोचले.

आणि पोहण्यात, ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये, ३७.३३ सेकंद. विश्वविक्रम आणि सुवर्णपदक!

हा आकडा नुसता वाचून सोडू नका. ५० मीटर भागिले ३७.३३, म्हणजे सेकंदाला सुमारे १.३४ मीटर, तासाला जवळजवळ ४.८ किलोमीटर. तुम्ही शाळेला उशीर झाल्यावर झपझप चालता ना, साधारण तोच वेग. फक्त तो पाण्यात, आणि पाय न हलवता. पोहण्याच्या तलावात, शिकवणारे सर काठावर उभे असताना, दोन पायांत फळी धरून फक्त हातांनी एक फेरी मारून पाहा. किती सेकंद लागतात ते मोजा. (एकट्यानं आणि विहिरीत हा प्रयोग मुळीच करायचा नाही!)

त्या दिवसापर्यंत एकाही भारतीयाला ऑलिंपिकमध्ये किंवा पॅरालिंपिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण मिळालेलं नव्हतं. हॉकीची सुवर्णं होती, पण ती संघाची. ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक सुवर्ण अभिनव बिंद्राला मिळालं ते २००८ साली, म्हणजे पेटकरांच्या सुवर्णानंतर छत्तीस वर्षांनी.

मग शाळेच्या पुस्तकात त्यांचं नाव का नव्हतं? एक कारण असं की त्या स्पर्धांना तेव्हा 'पॅरालिंपिक' हे नावही पक्कं चिकटलेलं नव्हतं. १९७२ च्या स्पर्धांचं अधिकृत नाव होतं एकविसाव्या आंतरराष्ट्रीय स्टोक मॅन्डव्हिल स्पर्धा. असलं लांबलचक नाव वाचून कोण थांबणार? त्यातच महिन्याभरात म्युनिकला मार्क स्पिट्झनं पोहण्यात सात सुवर्णपदकं जिंकली आणि सगळ्या जगाच्या तोंडी त्याचंच नाव झालं. पण खरं कारण याहून साधं आणि कडू आहे. अपंगांचा खेळ हा खेळच आहे, असं तेव्हा फारसं कुणाला वाटतच नव्हतं. 'बिचाऱ्यांचा विरंगुळा' म्हणून लोक मोकळे होत.

पेटकर पुण्यात टेल्को कंपनीत नोकरी करू लागले. घर, संसार, रोजची हजेरी. १९८२ मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. विश्वविक्रम करणाऱ्या माणसाला!

या ठिकाणी पालकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. मूल लहान असताना एकच खेळ, तोही वर्षभर, एकाच पद्धतीनं खेळवला तर वाढत्या हाडांवर, सांध्यांवर पुन्हापुन्हा त्याच जागी ताण येतो. गोलंदाजी करणाऱ्या मुलांची पाठ, सतत फेकणाऱ्यांचा खांदा आणि कोपर दुखू लागतं. वेगवेगळे खेळ खेळणाऱ्या मुलाचा ताणही वाटला जातो. आणि एखादी इजा झालीच, तर त्याच्यापाशी दुसरं दार उघडं असतं.

हे दार आपल्या काळातही उघडलेलं दिसतं, आणि तेही पुन्हा सांगली जिल्ह्यातच! आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा सचिन खिलारी. शाळेत असताना अपघातानं त्याचा एक हात अधू झाला. शिकून तो इंजिनिअर झाला. मैदानात त्यानं आधी धरला भाला, आणि राष्ट्रीय पातळीवर सुवर्णही मिळवलं. पण खांदा दुखावला. आता काय करायचं? भाला ठेवला आणि गोळा उचलला. ४ सप्टेंबर २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये त्यानं १६.३२ मीटर गोळा फेकला आणि रौप्यपदक मिळवलं. भाला आणि गोळा यांची फेक वेगळी, पण पायापासून निघालेला जोर कमरेतून खांद्यात आणि खांद्यातून बोटांत कसा आणायचा, हे त्याच्या अंगाला भाल्यानं आधीच शिकवलेलं होतं. त्या पॅरिसमध्ये भारतानं एकूण २९ पदकं मिळवली. हायडेलबर्गला भारताचं पदक एकच होतं, पेटकरांचं.

पेटकरांकडं देशाचं लक्ष गेलं ते फार उशिरा. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जून २०२४ मध्ये त्यांच्या आयुष्यावरचा 'चंदू चॅम्पियन' हा हिंदी चित्रपट आला. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो पाहिला असेल. मात्र सिनेमा तो सिनेमा, त्यातलं सगळं जसंच्या तसं घडलं असं समजू नका.

आणि १७ जानेवारी २०२५ ला, दिल्लीत राष्ट्रपती भवनात, राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते मुरलीकांत पेटकरांना जीवनगौरव म्हणून अर्जुन पुरस्कार देण्यात आला. अर्ज नाकारला गेला त्याला तेव्हा बेचाळीस वर्षं झाली होती, आणि त्यांचं वय होतं ऐंशी.